धारला कलावंत, देवासला कापडचोर

लेडीज टेलरच्या दुकानाची पायरी चढणारी बाई दोन संशय बरोबर घेऊनच येते. एक, ब्लाऊज सांगितलेल्या दिवशी मिळणार नाही. दोन, हा माणूस कापड मारणार. पहिला संशय बहुतेक वेळा खरा ठरतो, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्यावर मात्र मला लिहिलं पाहिजे. सदतीस वर्षं देवासमध्ये बायकांची ब्लाऊजं शिवल्यानंतर तो आरोप माझ्यावर भर हॉलमध्ये, पाहुण्यांच्या आणि पेपरवाल्यांच्या देखत झाला. आरोप बराचसा खोटा होता. जेवढा खरा होता, तेवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आम्ही शिंपी. मराठी दरबाराबरोबर महाराष्ट्रातून माळव्यात आलो, असं घरात सांगतात. इथला प्रत्येक मराठी शिंपी सांगतो की आमच्या पणजोबांनी महाराजांचा अंगरखा शिवला. त्या सगळ्या पणजोबांचे अंगरखे महाराजांनी अंगावर चढवले असते तर त्यांना राजवाड्याच्या दारातून बाहेर पडता आलं नसतं. माझे पणजोबा तंबू शिवायचे, आणि हत्तीची झूल. घराण्यात मोठ्या मापांचा अनुभव जुना आहे. शिवाय हत्ती माप देताना खोटं बोलत नाही. घराण्यातला ब्लाऊजांकडे वळलेला मी पहिला, आणि खोटी मापं ऐकून घेणाराही मीच पहिला.

बाहेरच्यांना हा धंदा सोपा वाटतो, म्हणून थोडं सांगतो. बाई म्हणते, "मास्टर, माप मागचंच हो, काही फरक नाही." मास्टर म्हणतो, "हो ताई." मग नुसती खात्री करायची म्हणून टेप लावतो, दिसेल ते खरं माप वहीत उतरवतो आणि तोंडाने मागचंच माप पुन्हा बोलून दाखवतो. शिवताना शिलाईच्या आत दोन बोटं जादा कापड दाबून ठेवतो. या दाबलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो. बाई वर्षभरात भरली की शिलाई उसवायची, माया मोकळी करायची, ब्लाऊज पुन्हा अंगात येतं. माया न ठेवणाऱ्या टेलरचं ब्लाऊज एका दिवाळीपुरतं.

आणि बेतून उरतं ती कतरन. तळहातापेक्षा मोठा तुकडा बाईला परत, लहान असेल तो टेलरचा, असा आमच्याकडे न लिहिलेला कायदा आहे. कायद्यात पळवाट एवढीच की तळहात कोणाचा, ते ठरलेलं नाही. माझा हात जरा मोठा आहे.

बाकीचे टेलर कतरन स्कूटर-मेकॅनिकला पुसायला देऊन टाकायचे. मला देववायचं नाही. जांभळ्या रेशमाचा त्रिकोण, जरीची एक चिरी, कुणाच्या डोहाळजेवणाची हिरवी पट्टी, हे सगळं ग्रीस पुसायला जाणार, या विचाराने जीव खालीवर व्हायचा. मी पोती भरत गेलो. माझी बायको शालिनी म्हणायची, "अहो, लोक धान्य भरून ठेवतात."

मग करोना आला आणि दुकान बंद झालं. घरात मी, शालिनी, एक मशीन आणि चौदा पोती. लग्नं बंद, सण बंद, ब्लाऊज कोण शिवणार? आठ-दहा दिवस मी पोत्यांकडे बघत बसलो आणि अकराव्या दिवशी एक बाहुली केली.

बाहुली म्हटलं की लोकांना दोन वेण्या आणि गोल डोळे आठवतात. माझ्या बाहुलीला चेहराच नव्हता. त्याचं कारण सांगतो. लेडीज टेलरने डोळे वर उचलायचे नसतात, दुकान चालण्याची ती पहिली अट आहे. सदतीस वर्षं मी मान खाली घालून काम केलं. बाजारात एखादी बाई "काय मास्टर, बरे आहात ना?" म्हणून हसते आणि मी गोंधळून नुसता हात जोडतो. ती पुढे गेली की पाठीवरून कळतं, अरे, या तर जोशी वहिनी. पाठ पंधरा, उजवा खांदा वर. मला चेहरे येत नाहीत, पाठी येतात.

सरळ पाठ कुणाचीच नसते. बँकेत कॅशवर बसणाऱ्या बाईंची मान पुढे आलेली असते. पिठाची गिरणी चालवणारीचा एक दंड दुसऱ्यापेक्षा जाड. तीन मुलं एकाच कडेवर वाढवलेलीची कंबर एका बाजूला कलते आणि मुलं नोकरीला लागली तरी परत येत नाही. हे सगळं झाकायचं, कुठे अस्तराची घडी, कुठे पाव इंचाची चोरशिलाई, आणि बाईला आरशात सरळ दाखवायचं, हीच माझी नोकरी. बाहुल्यांत मी काही झाकलं नाही. मांजरपाटाचं अंग, आत कतरनीचा भुगा, वर रंगीत कतरनीचं ब्लाऊज आणि साडी, उंची हातभर. उभी राहायची तशीच, कललेली.

शालिनीने पहिली बाहुली हातात घेतली, फिरवली आणि म्हणाली, "अगं बाई! या पोस्टातल्या कुलकर्णी वहिनी!"

"ओळखल्यास ना?"

"ओळखणार नाही तर काय? पण हे बरं नाही हो. त्याही ओळखतील."

मी का करत होतो ते आजही नीट सांगता येत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या मापाने कापड कापलं. ही पहिली वस्तू होती जिची तारीख कुणी दिली नव्हती आणि ट्रायलला कुणी येणार नव्हतं. बंदी उठेपर्यंत चाळीस बाहुल्या झाल्या. शिवाय एक मोठा पडदा झाला. ब्लाऊजचा मागचा गळा कापला की त्याच आकाराचा तुकडा हातात येतो; पान, मटका, चौकोन, होडी. असे गळे मी पोत्यातून निवडले आणि जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने एका चादरीवर शिवत गेलो. वरच्या ओळीतले गळे पोस्टाच्या तिकिटाएवढे होते. खाली येता येता बशीएवढे झाले. मग गावात एक मोठं प्रवचन झालं होतं, त्या वर्षी पुन्हा आक्रसले, आणि नंतर जे सुटले ते सुटलेच. देवासच्या संस्कृतीवर व्याख्यानं देणारे पुष्कळ आहेत. सलग पुरावा माझ्या चादरीवर होता.

शालिनीचं माहेर धारचं. तिच्या भावाची मुलगी तन्वी इंदूरला कलेचं शिकून आलेली. धारच्या जुन्या घरांतली जुनी नाती अजून चालतात, म्हणून आत्याचा नवरा मी तिचा आतोबा. बाकी तिची मराठी तेवढ्यावरच उभी होती. आमच्याकडे आली, खोलीचं दार उघडलं आणि ओरडली, "आतोबा! ये सब तुम्ही केलं? सीरियसली? हे आर्ट टॉय आहेत, पता है तुम्हाला?"

मी म्हटलं, "कतरन आहे."

"आणि चेहरा नाही दिला, वो तो कमाल आहे. स्त्रीची ओळख पुसली गेली, असंच ना?"

"चेहरा मला येत नाही, बेटा."

"एक्झॅक्टली," तन्वी म्हणाली आणि तिने ते लिहून घेतलं.

धारला तिने प्रदर्शन ठरवलं, एका लग्नाच्या हॉलमध्ये. प्रत्येक बाहुलीखाली हिंदी-इंग्रजीत कार्ड होतं. गिरणीवाल्या बाईच्या जाड दंडाखाली 'प्रतिरोध' लिहिलं होतं. गळ्यांच्या चादरीला तिने 'टेक्स्टाइल आर्ट' म्हटलं आणि खाली असं काही लिहिलं की ते मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला माझ्याबद्दल आदर वाटला.

उद्घाटनाला एक मोठे साहेब आले. त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण हातातलं भाषण बचत गटाच्या महिलांसाठी होतं. समोर मी पांढऱ्या मिशा घेऊन बसलेला असताना त्यांनी "इन बहन ने घर की चौखट लाँघकर" असं सुरू केलं. अर्ध्यावर मला पाहिलं, क्षणभर थांबले, आणि सरकारी माणूस छापील कागदापासून ढळत नाही, म्हणून तसंच पुढे नेलं. नंतर त्यांनी मला शाल, श्रीफळ आणि एक साडी दिली. साडी आधीच आणलेली होती, परत कुठे न्यायची? फोटोत मी साडी छातीशी धरून उभा आहे. शालिनीने ती कपाटात ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या कामातून घरात आलेलं हे पहिलं अख्खं कापड."

तीन दिवस लोक आले. बघायचे, मान हलवायचे, "खूप गहिरं आहे" म्हणायचे आणि चहाकडे जायचे. विकत कोणी घेतलं नाही. शेवटच्या दिवशी धामनोदचे एक ट्रकमालक आत शिरले. ते शेजारच्या हॉलमधल्या साखरपुड्याला आले होते आणि चुकून आमच्याकडे वळले होते. बाहुल्यांसमोर बराच वेळ उभे राहिले.

"भिया, ये किसने बनाई?"

"मी."

"इसको ट्रक के आगे लटकाऊँ तो नज़र से बचाएगी क्या?"

तन्वीने मध्येच समजावलं की ही कलाकृती आहे, ती ट्रकला लटकवता येत नाही, तिला योग्य प्रकाश लागतो.

"प्रकाश तो बहुत है, बेटी. चार हेडलाइट हैं," ते म्हणाले.

मी त्यांना कॅशियर बाईंची बाहुली दिली. तन्वी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. महिन्याने त्यांचा फोन आला. ट्रक घाटातून सुखरूप ये-जा करतो आहे, ड्रायव्हर तिला 'मॅडम' म्हणतो आणि ती पाठमोरी असूनही बघते आहे असं वाटून गाडी जपून चालवतो. अजून पाच पाठवा. माझ्या कलेबद्दल इतकं नेमकं त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

तरी डोक्यात हवा जायची ती गेलीच. पेपरात फोटो आला, साडीसकट. दिल्लीच्या एका मोठ्या गॅलरीने तन्वीमार्फत एक बाहुली मागितली, अकरा नंबरची. आणि तन्वी म्हणाली, "आतोबा, अब देवास!"

शालिनी पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "अहो, देवासला नको. धारला तुमचं एक गिऱ्हाईक नाही. इथे सगळ्यांची कापडं आहेत."

"तळहाताच्या आतली आहेत."

"सगळी?"

अकरा नंबरची बाहुली नेसली होती ते कापड तळहाताच्या आतलं नव्हतं. ते हातभर लांब आणि वीतभर रुंद होतं, आणि ते मी चोरलं होतं.

देवासच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं सगळं धारसारखं चाललं. बायका बघत होत्या, "गहिरं आहे" म्हणत होत्या. मग एक आवाज आला, "अगं, ही माझ्या मुलाच्या मुंजीतली आमसुली पैठणी!"

त्यानंतर प्रदर्शनाची ओळखपरेड झाली. चष्मे निघाले. बायका कार्डं वाचायचं सोडून बाहुल्यांचे पदर चिमटीत धरून बघू लागल्या. "हे माझं." "हो, आणि मला म्हणाले होते, पुरता पुरता पुरलं." "मास्टर, हे तळहाताएवढं आहे होय?" मी हात पसरून दाखवला. एका बाईने आपला हात माझ्या हातावर ठेवून फरक सगळ्यांना दाखवला. गळ्यांच्या चादरीपाशी वेगळंच प्रकरण झालं. एक सासूबाई एका अंजिरी, बशीएवढ्या गळ्यावर बोट ठेवून उभ्या होत्या आणि सुनेला विचारत होत्या, "हे तर तुझं. पण घरी तर पदर पिनअप करून असतेस?" सून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती कळायला मान वर करायची गरज नव्हती.

पेपरवाल्याने विचारलं, "मास्टरजी, आप पर चोरी का आरोप है, क्या कहेंगे?" तन्वी आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. हे पार्टिसिपेटरी झालं म्हणाली, आणि तिने दाराशी एक वही ठेवली. ज्या बाईला आपलं कापड सापडेल तिने नाव आणि आठवण लिहायची.

दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी झाली. आता बायका आपलं कापड शोधायलाच येत होत्या, आणि सापडलं की शेजारणीला अभिमानाने दाखवत होत्या. संध्याकाळी निवृत्त तहसीलदारांच्या पत्नी माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या सगळ्या बाहुल्या दोनदा बघून झाल्या होत्या.

"मास्टर, पंचवीस वर्षं मी तुमच्याकडे शिवते."

"हो ताई."

"माझं एकही कापड नाही यात?"

"नाही ताई. तुमचं कापड मी नेहमी चोख परत दिलं."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझं एकही घ्यावंसं वाटलं नाही तुम्हाला," असं म्हणून त्या उठल्या. त्या दिवसापासून त्यांनी टेलर बदलला. चोरीमुळे माझं एकही गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. प्रामाणिकपणामुळे पहिलं तुटलं.

शेवटच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली होती तेव्हा चिटणीस बाई आल्या. बाई गणिताच्या शिक्षिका. अर्धं देवास त्यांच्या हाताखालून गेलेलं. गुडघ्यांमुळे येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो, म्हणजे तशी आशा केली होती. त्या कुठेही न थांबता अकरा नंबरपाशी गेल्या, समोरून बघितलं, मागे जाऊन बघितलं.

"मास्टर, ही मी."

"हो बाई."

"माझा डावा खांदा एवढा खाली आहे?"

"एवढा नाही. मी थोडा वाढवलाय."

"किती?"

"दोन सूत. पाव इंच."

"पिशवी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "वह्यांची. बत्तीस वर्षं त्याच खांद्याला." मग माझ्याकडे वळल्या. "ब्लाऊजात कधी दिसला नाही तो."

"डावीकडे अस्तराची एक घडी जास्त घालतो. पहिल्यापासून."

"मला न सांगता."

"सांगितलं असतं तर तुम्ही रोज आरशात तेवढंच बघितलं असतं."

बाईंनी यावर विचार केला. उत्तर बरोबर पण रीत चूक, अशी काहीशी मान हलवली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी चष्मा बदलला आणि बाहुलीचा पदर बोटात धरला. वांगी रंग, त्यात बारीक उभ्या रेघा, हिरवा काठ.

"ही सासूबाईंची महेश्वरी."

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. बाईंच्या मुलीचं, मुग्धाचं लग्न होतं. सासूबाईंची साडी मधून जिरलेली होती, पदराकडचा भाग तेवढा शाबूत. त्याचं मुग्धाला बिनबाह्यांचं जॅकेट करायचं होतं. मी कापड टेबलावर पसरलं आणि त्याच्या प्रेमात पडलो. असा रंग मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. बेतताना मी हात आखडता घेतला, माया जवळपास ठेवलीच नाही, आणि एक तुकडा वाचवला. "पुरलं बाई, जेमतेम," असं सांगितलं. जॅकेट लग्नात झकास बसलं. तुकडा मी कागदात गुंडाळून ठेवला आणि वर्षातून एकदा उघडून बघत राहिलो. बाहुलीला नेसवायला काढला तेव्हा चिटणीस बाईंच्या पाठीशिवाय दुसरी कुठली पाठ मला त्या कापडाला शोभेना. चोराने ज्याची वस्तू त्यालाच नेसवली, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

"चार वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले होते, आठवतं?" बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता. "नातवाची मुंज होती. मुग्धाला ते जॅकेट घालायचं होतं. अंगात येईना. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड हवं होतं. तुम्ही उसवून बघितलंत, म्हणालात, माया नाही. मी म्हटलं, जोड लावा. तुम्ही काय म्हणालात?"

मला शब्दन् शब्द आठवत होता. मी म्हणालो होतो, "असं कापड आता मिळायचं नाही, बाई." म्हणताना कागदातला तुकडा माझ्या पाठीमागच्या फळीवर होता. पण तो काढून दिला असता तर पहिली चोरी कबूल झाली असती. म्हणून दुसरी केली.

"मुग्धा रडली त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "आजीचा जीव होता तिच्यावर. मी तिला म्हटलं, वस्तूला काय धरून बसतेस. मी तिलाच रागावले, मास्टर."

मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं." एवढा लहान शब्द तोंडातून काढायला मला वीस वर्षं लागली होती, आणि काढल्यावर कळलं की त्याने काहीच होत नाही.

"माझं कापड मला द्या," बाई म्हणाल्या.

मी बाहुली उचलली. तन्वी पळत आली. "आतोबा, रुको! ही दिल्लीला जाणार आहे, बुक झाली आहे! आँटी, प्लीज, आपण बसून बोलू."

"कापड बाईंचं आहे," मी म्हटलं आणि खिशातून ब्लेडचं अर्धं पान काढलं. उसवायला आम्ही तेच वापरतो.

बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. परीक्षेत मुलावर लक्ष ठेवावं तशा बघत होत्या. उरलेसुरले लोक मोबाइल घेऊन गोळा झाले. टाके मी हाताने घातले होते, बारीक, कापडाचा एक धागा दुखणार नाही असे. आता एकेक करत सगळे कापायला अर्धा तास लागला. कापडाला कुठेही भोक पडलं नाही, एवढं मात्र सांगतो. सुटलेला तुकडा मी तळहाताने सारखा केला, घडी घातली आणि बाईंच्या हातात दिला.

"जॅकेट आणा बाई. मी जोड लावून देतो. अशी बेमालूम—"

"नको," बाई म्हणाल्या. "दुसरीकडे करून घेईन."

आणि गेल्या. मागून बघितलं तर डावा खांदा ब्लाऊजात अगदी सरळ दिसत होता. माझंच काम होतं.

बाहुली टेबलावर नुसत्या मांजरपाटात उभी होती, टाक्यांची भोकं अंगभर. तन्वी तिच्याभोवती एकदा फिरली, दोनदा फिरली. "आतोबा," ती हळूच म्हणाली, "ही आता ज्यादा स्ट्राँग झाली आहे." तिने दिल्लीला फोटो पाठवला. दिल्लीवाल्यांनी अर्ध्या तासात होकार कळवला आणि कार्डासाठी वस्त्रहरणाबद्दल चार ओळी मागितल्या. बाहुली तशीच गेली. तिथे ती काचेच्या पेटीत आहे आणि लोक तिच्यासमोर गंभीर होतात, असं तन्वी सांगते. होऊ देत. काचेच्या पेटीतली चोरी लोकांना आवडते, फळीवरची आवडत नाही.

गावात माझा भाव मात्र वाढला. आता बायका ब्लाऊजपीसबरोबर वेगळी पिशवी आणतात, "ही कतरन, घरची सगळी गोळा केली. माझी पण एक बाहुली करा, मास्टर." मी हो म्हणतो. मग दाराशी जाऊन त्या परत वळतात. "फक्त कंबर जरा कमी दाखवा. आणि मान सरळ." मी म्हणतो, ते ब्लाऊजात होईल ताई, बाहुलीत नाही. निम्म्या पिशव्या त्या पायरीवरूनच परत जातात. उरलेल्या निम्म्या बायका पिशवी ठेवून जातात, आणि बाहुली झाल्यावर बराच वेळ स्वतःच्या पाठीकडे बघत बसतात. एकीने विचारलं होतं, "मी मागून अशी दमलेली दिसते?" मी बाहुली कागदात गुंडाळून दिली. तिने ती घरी नेऊन टीव्हीवर ठेवली. नवरा आता पाण्याचा हंडा स्वतः भरतो म्हणाली.

तुकडे परत द्यायला लागलो आहे. बोटाएवढा असला तरी घडी घालून ब्लाऊजात ठेवतो. बायका घरी जाऊन तो फेकून देतात, हे मला माहीत आहे.

चिटणीस बाई दुकानात परत आल्या नाहीत. दोन-तीन महिने मी रस्त्यावर प्रत्येक डावा खांदा बघत होतो. मग या दिवाळीच्या आधी, शालिनी आणि मी फुलं घ्यायला बाजारात गेलो असताना, गर्दीत मागून आवाज आला, "काका! ओळखलंत?"

चेहरा मी अर्थातच ओळखला नाही. जॅकेट ओळखलं.

"मी मुग्धा. पुण्याहून आलेय कालच. हे बघा ना, बसलं मला!" तिने दोन्ही हात वर करून बाजू दाखवल्या. "आईला तुकडा सापडला म्हणे, जुन्या ट्रंकेत. इतकी वर्षं घरातच होता आणि आम्ही सगळीकडे शोधत होतो!"

बाई तिच्या पलीकडे झेंडूवाल्याशी बोलत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

मी जोड बघितला. रेघा चुकल्या होत्या. जॅकेटच्या रेघा उभ्या, जोडाच्या आडव्या. कापड आडवं लावलेलं. बगलेत चुणी पडली होती, काठाचा हिरवा धागा मध्येच तुटला होता. ज्याने केलं त्याला मी माझ्या मशीनला तेल घालायलाही ठेवला नसता. बोट आपोआप पुढे गेलं. शालिनीने माझं मनगट धरलं.

"कसं बसलंय, काका? तुम्ही सांगा, तुम्हीच शिवलेलं."

"फार छान बसलंय," मी म्हटलं. "ज्याने जोड लावला, त्याचा हात चांगला आहे."

सदतीस वर्षांत दुसऱ्या टेलरच्या कामाबद्दल मी काढलेले हे पहिले चांगले शब्द. मुग्धा खूश झाली. बाईंनी झेंडूची पिशवी उजव्या खांद्याला लावली, मला उद्देशून मान किंचित हलवली आणि मुलीला घेऊन दिव्यांच्या गल्लीकडे गेल्या.